दंड घातलेलं लुगडं

डिलाईल रोडच्या बालकल्याण केंद्रात नलूला पगार मिळायचा तो मिसबाईंचं इंग्रजी बायकांना आणि बायकांचं मराठी मिसबाईंना सांगण्याचा. हे काम तिनं नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच सोडून दिलं होतं, फक्त ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती करायची ते काम वेगळंच होतं. ती दोन्हीकडचं बोलणं गोड करून पोचवायची.

मिसबाई म्हणजे मिस हार्डिंग, केंद्राच्या प्रमुख. पन्नाशी उलटलेली, अंगानं किरकोळ, उन्हानं नाकाचं सालपट निघालेली बाई. विलायतेतलं आईचं घर विकून त्या मुंबईत आल्या होत्या. भायखळ्याला एका खोलीत राहायच्या आणि रोज सकाळी चिंचपोकळीवरून चालत यायच्या. मनानं फार चांगल्या, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. मनात आलं की तोंडात आलंच. त्यांच्या मुलखात म्हणे यालाच खरेपणा म्हणतात.

एकदा त्यांना सुंदराबाईच्या नातीच्या, विमलच्या डोक्यात उवा सापडल्या. मिसबाई इंग्रजीत कडाडल्या, "हिला सांग, हा निव्वळ आळस आहे. रॉकेल आणि फणी, एवढंच लागतं."

नलू सुंदराबाईला म्हणाली, "मावशी, मिसबाई म्हणतात पोरीचे केस किती दाट आहेत! जरा फणी फिरवत जा, म्हणजे आणखी खुलतील."

सुंदराबाई काही दूधखुळी नव्हती. मिसबाईंचा चेहरा तिला दिसत होताच. ती म्हणाली, "सांग त्या भवानीला, आमच्या नळाला पानी येतं अर्धा तास. त्यात मी भांडी घासू, कापडं धुऊ का उवा मारत बसू?"

नलू मिसबाईंकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "ती म्हणते, तुमचे आभार. यापुढे लक्ष ठेवीन."

मिसबाई हसल्या. त्या हसल्या म्हणून सुंदराबाई हसली. नलूनं पदरानं कपाळाचा घाम टिपला. अशी दोन वर्षं गेली. मिसबाईंना वाटायचं, या बायका किती नम्र. बायकांना वाटायचं, गोरी दिसते कडक पण आतून मऊ आहे. केंद्राचं नाव चाळीचाळींतून झालं. दूध घ्यायला चाळीस पोरं जर्मनचे पेले घेऊन सकाळी नऊला रांगेत उभी राहू लागली, आठवड्यातून एकदा डॉक्टर येऊ लागला. हे सगळं आपल्या जिभेवर उभं आहे, हे नलूला कळत होतं. तिला त्याचा थोडा गर्वही होता. खोटं कशाला बोला.

सुंदराबाई नलूच्या शेजारच्या खोलीतली. नलूची आई गेली तेव्हा नलू सहा वर्षांची होती. तेव्हापासून तिची वेणी सुंदराबाईनं घातली, मॅट्रिकच्या परीक्षेला जाताना हातावर दही सुंदराबाईनं ठेवलं. सुंदराबाईचा नवरा कोंडीराम गिरणीत सूत काततात त्या रिंग खात्यात होता. कापसाची धूळ छातीत जाऊन जाऊन तो आता महिन्यातले दहा दिवस कामावर आणि वीस दिवस खाटेवर असायचा. त्यांची एकुलती एक लेक बाळंतपणात गेली आणि विमलला त्यांच्या पदरात टाकून गेली. दहा महिन्यांची असताना विमल हाती लागेल असं कुणालाच वाटत नव्हतं. केंद्राच्या दुधानं आणि डॉक्टरनं तिला मरणातून ओढून काढलं. आता ती पावणेतीन वर्षांची होती, तरी थंडी पडली की तिची छाती घरघरायची आणि डॉक्टरची सुई लागायची.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत विलायतेहून केंद्राच्या कमिटीचं पत्र आलं. मिसबाईंनी ते नलूपुढे ठेवलं. देणगीदारांचं मन आता दुसऱ्या देशाकडे वळलं आहे, असं त्यात होतं. मुंबईचं केंद्र चालू ठेवायचं असेल तर लोकांच्या काळजाला हात घालील असं काहीतरी पाठवा. एका घराची हकीकत पाठवा आणि फोटो पाठवा, नाहीतर एप्रिलअखेर केंद्राला कुलूप लावा.

"सुंदराबाईचं घर," मिसबाई म्हणाल्या. "त्या घरात काही वाढवून सांगायला नको. पण नलू, तिला सगळं नीट समजावून सांग. फोटो छापला जाणार, तिच्या अडचणी लिहिल्या जाणार. आणि ती रोज असते तशीच हवी. ते जोडाजोड केलेलं लुगडं नेसते ना, तेच. फसवून मला काही नको."

फसवून नको, असं त्या म्हणाल्या. हे वाक्य पुढे फार दिवस नलूच्या डोक्यात बसलं.

त्याच दिवशी ती सुंदराबाईकडे गेली. सुंदराबाई मोरीत बसून पांढरं लुगडं निळीच्या पाण्यातून काढत होती. डिसेंबरात बाबासाहेब गेले, दादरच्या चौपाटीवर चिता पेटली आणि तिथंच लाखो माणसांनी हात जोडून दीक्षा घेतली, त्या गर्दीत सुंदराबाई याच लुगड्यात उभी होती. मिलच्या दुकानातून तिनं ते त्याच सकाळी आणलं होतं. तेव्हापासून दर रविवारी वंदनेला ती तेच नेसायची आणि दर शनिवारी स्वतः धुवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

"बघ कसं निघालंय," ती म्हणाली. "आमच्या आज्या मढ्यावरची लुगडी नेसून मेल्या, नलू. आई दुसऱ्याच्या अंगावरची नेसली. ह्ये पयलं, जे माझ्या अंगासाठीच दुकानातनं निघालं."

आता या बाईला काय सांगायचं? की फाटकं नेसून बस, तुझी कीव करायची आहे? नलूची जीभ टाळूला चिकटली, आणि सुटली ती सवयीनं गोड होऊनच सुटली.

"मावशी, मिसबाईंना तुझा आणि विमलचा फोटो काढायचाय. विलायतेत छापणार आहेत."

"आमचा? का म्हून?"

"विमल किती आजारी होती, आणि आता बघ. केंद्रानं वाढवलेली मुलगी म्हणून."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. नलूनं स्वतःची समजूत अशीच घातली. बाकीचं दोन दिवसांनी सांगू, मावशीचा मूड बघून सांगू, असं ती मनाशी म्हणाली. सुंदराबाईनं ओल्या हातानंच तिच्या गालावरून हात फिरवला.

दोन दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. रोज नलू ठरवून शेजारच्या दारात जायची आणि रोज तिथं काहीतरी नवीन घडलेलं असायचं. सुंदराबाईनं विमलला फ्रॉक शिवला. कोंडीरामनं फोटोवाल्यासाठी खुर्ची मागून आणली. समोरच्या चाळीतली शेवंती, कोकणातली, जिचा नवरा धोंडू कोंडीरामच्याच खात्यात होता, ती स्वतःच्या मुलीचे चांदीचे वाळे घेऊन आली. "घाल गो तिच्या पायात," ती म्हणाली. "आमच्या चेडवाचे आसत. फोटोत दिसूक व्हये." समोरच्या, सवर्णांच्या चाळीतून या चाळीत दागिना यायची ही पहिलीच वेळ होती. नलूनं ते वाळे पाहिले आणि आल्या पावली परत गेली.

तिनं आबांना सांगून पाहिलं. आबा म्हणजे तिचे वडील बुधाजी. गिरणीतली नोकरी सुटली होती आणि आता ते समितीच्या कामात गळ्यापर्यंत बुडाले होते. निवडणूक तोंडावर आली होती. भिंतीभिंतींवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलं होतं आणि त्यातली निम्मी अक्षरं आबांच्या हातची होती. खळीचा डबा घेऊन ते दाराबाहेर पडत होते.

"आबा, एप्रिलमध्ये केंद्र बंद व्हायचं म्हणतात."

"होऊ दे. भीक मागून आणलेलं दूध ते. आपलं राज्य येऊ दे, पोरांना हक्काचं दूध मिळेल. त्या दुधाच्या अर्जावर मी सह्या गोळा करतोच आहे."

"आणि तोवर?"

"तोवर काय?"

"तोवर विमलनं काय प्यायचं? तिला सुई कोण देणार?"

आबांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. ते वाईट माणूस नव्हते. विमलला अंगाखांद्यावर खेळवलं होतं त्यांनी. पण तोवरचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, कारण त्यांचा सगळा हिशेब राज्य आल्यानंतरचा होता. मिसबाईंकडे तोवरचं उत्तर होतं, पण ते हात पसरून मिळणारं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि त्यामुळेच नलूला त्यांचा राग येत होता. एकाला तरी चूक म्हणता आलं असतं तर ती सुटली असती.

फोटोचा दिवस रविवारचा ठरला. दादरचा फोटोवाला कॅमेरा आणि तिपाई खांद्यावर घेऊन सकाळी दहाला आला, त्याच्यामागून मिसबाई आल्या. चाळीचा अख्खा व्हरांडा माणसांनी भरला होता. सुंदराबाईच्या खोलीपुढची फरशी धुऊन पुसून लख्ख केली होती. उघड्या दारातून भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर आणि तिला घातलेला ताजा हार दिसत होता. कोंडीराम दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, खोकला दाबत बसला होता. विमलच्या केसांना चापूनचोपून तेल, डोळ्यांत काजळ, पायांत शेवंतीचे वाळे. आणि मधे खुर्चीवर, पाठ ताठ करून, शुभ्र पांढऱ्या लुगड्यात सुंदराबाई.

नलूनं तिला तशी पाहिली आणि तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं. इतकी देखणी ती कधीच दिसली नव्हती.

मिसबाई जागच्या जागी थांबल्या. "हे काय आहे?" त्यांनी हळू आवाजात इंग्रजीत विचारलं. "तू तिला सांगितलंस ना?"

"हो."

"काय सांगितलंस?"

नलूची नजर सुंदराबाईच्या पांढऱ्या लुगड्यावर गेली.

"काय म्हनती गं?" सुंदराबाईनं खुर्चीवरूनच हसत विचारलं. "उजेड कमी पडतोय का? खुर्ची पुढं घेऊ?"

नलूनं तोंड उघडलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला गोड काही सुचेना. मिसबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग व्हरांड्याच्या दोरीकडे. दोरीवर सुंदराबाईचं रोजचं लुगडं वाळत होतं. दोन जुनी लुगडी मधोमध फाडून, त्यांतले बरे भाग एकमेकांना शिवून, म्हणजे दंड घालून केलेलं. अर्धं हिरवं, अर्धं विटकरी, वर तीन ठिगळं. मिसबाई दोरीपाशी गेल्या, त्यांनी ते लुगडं ओढून काढलं, सुंदराबाईपुढे धरलं आणि तिच्या अंगावरच्या पांढऱ्या लुगड्याकडे बोट करून मान हलवली. ते नको. हे.

यात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. व्हरांड्यातल्या शेवटच्या म्हातारीलासुद्धा ते कळलं. गलका चालला होता तो एकदम थांबला.

सुंदराबाईनं त्या लुगड्याकडे पाहिलं नाही, मिसबाईंकडेही पाहिलं नाही. तिनं नलूकडे पाहिलं.

"तुला ठावं होतं?"

"मावशी..."

"ठावं होतं का न्हाई?"

"होतं."

"मग आता बोल. ती काय म्हनती ते मला सांग आन् मी काय म्हनते ते तिला सांग. साखर न घालता सांग. आज एक शबुद इकडचा तिकडं केलास तर मी तुझं तोंड बघनार न्हाई."

आणि नलू मधे उभी राहून सांगू लागली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता.

सुंदराबाई म्हणाली, "तिला सांग, त्या लुगड्याची मला लाज न्हाई. मी ते नेसून फरशी पुसते, भाकरी थापते. पन ते नेसून मागायला बसनार न्हाई. लोकांनी टाकलेलं घालून लोकांच्या दारात बसायचं आम्ही डिसेंबरात चौपाटीवर सोडून आलो."

मिसबाई म्हणाल्या, "तिला सांग, मागण्यात लाज नसते. मी स्वतः दर वर्षी चर्चमध्ये उभी राहून या मुलांसाठी हात पसरते. मला नाही लाज वाटत."

सुंदराबाईनं मांडीवरची चुणी सरळ केली. "तिला कशाला वाटंल? मागून झाल्यावर ती मिसबाईच ऱ्हाते. मी मागितलं तर मी परत तीच होते, जी मी आता न्हाई."

नलूनं हे शब्दाला शब्द सांगितलं. मिसबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या हातातलं लुगडं खाली आलं. मग त्या म्हणाल्या, "ती बरोबर बोलते. पण तिला हेही सांग. पांढऱ्या लुगड्यातला फोटो गेला तर तिकडे म्हणतील, या बाईला आपली काय गरज? एप्रिलमध्ये केंद्र बंद होईल. दूध बंद, डॉक्टर बंद. चाळीसही मुलांचं. माझ्याकडे दुसरा मार्ग असता तर मी इथं उभी राहिले नसते."

नलूनं तेही सांगितलं.

विमल वाळे वाजवत आजीच्या पायापाशी खेळत होती. तिच्या श्वासाची बारीक घरघर त्या शांततेत ऐकू येत होती. सुंदराबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"दूध बंद हुईल हे तुला कवा कळलं, नलू?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे." सुंदराबाई उठली. तिचा आवाज चढला नाही. "तीन आठवडे मी लुगडं निळीत घालत हुते आन् तू येऊन दारातनं बघून जात हुतीस. आधी सांगतीस तर मी घरात इचार केला असता. ह्यांच्याशी बोलले असते. दार लावून रडून घेतलं असतं. मग न्हाई म्हनले असते न्हाईतर हो म्हनले असते, पन माझं मी म्हनले असते. आता ह्या सगळ्यांच्या म्होरं काय म्हनू?"

नलूनं मावशीचं मन दुखवू नये म्हणून तोंड गोड केलं होतं, आणि त्या गोडीनं मावशीजवळचं एकुलतं एक स्वतःचं असं जे होतं, विचार करायला दाराआडची जागा, तेच काढून घेतलं होतं. हे तिला त्या क्षणी कळलं.

सुंदराबाईनं मिसबाईंच्या हातातून लुगडं घेतलं. ती आत गेली. दार लागलं.

कोंडीराम मान खाली घालून बसला होता, आणि आता दाबून ठेवलेला खोकला त्याला आवरेना. शेवंती पुढे आली आणि काही न बोलता विमलच्या पायांतले वाळे काढू लागली. विमलनं भोकाड पसरलं.

दार उघडलं तेव्हा सुंदराबाईच्या अंगावर दंड घातलेलं लुगडं होतं. हातात पांढऱ्या लुगड्याची नीट घडी होती. ती तिनं नलूच्या हातांवर ठेवली.

"धर. खाली ठेवू नको."

मग ती खुर्चीवर न बसता फरशीवर बसली. रडणाऱ्या विमलला तिनं मांडीवर घेतलं आणि फोटोवाल्याला म्हणाली, "काढ." तो बिचारा काळ्या कापडात डोकं खुपसून म्हणाला, "बाई, जरा खाली बघा." सुंदराबाईनं खाली बघितलं नाही. तिनं सरळ काचेत बघितलं. मिसबाई तोंड फिरवून भिंतीकडे पाहत उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. नलू बाजूला, फोटोच्या चौकटीबाहेर, दोन्ही हात पुढे करून उभी होती. तिच्या हातांवर ते पांढरं लुगडं होतं आणि त्याला निळीचा वास येत होता.

फोटो झाल्यावर सुंदराबाईनं घडी तिच्या हातांवरून उचलली आणि आत निघून गेली.

केंद्र बंद झालं नाही. एप्रिल आला आणि गेला. डॉक्टर आता आठवड्यातून दोनदा येऊ लागला. विमलची घरघर कमी झाली, गालांवर जरा रंग आला. सुंदराबाई रोज सकाळी तिला घेऊन केंद्रात यायची, पण नलूशी कामापुरतं सोडून बोलायची नाही. काही सांगायचं झालं तर थेट मिसबाईंकडे जायची आणि हातवाऱ्यांनी, 'नो' आणि 'येस'वर काम भागवायची. तिचं पाहून इतर बायकाही तसंच करू लागल्या. मिसबाईही तोडकंमोडकं मराठी बोलू लागल्या. काय गंमत आहे पाहा, त्या दोघींचं आता आधीपेक्षा जास्त पटायचं. दोघी एकमेकींवर ओरडायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

नलूनं दोनदा राजीनामा लिहिला आणि दोनदा फाडला. घर तिच्या पगारावर चालत होतं. आबांचा अर्ज वहीत होता, त्यावर सह्या वाढत होत्या. ते रोज संध्याकाळी मोजून सांगायचे. नलू रोज सकाळी टोपात पावडरीचं दूध ढवळायची. गुठळी राहू द्यायची नाही, एवढं एकच काम तिला आता नीट जमत होतं.

जुलैत विलायतेहून छापील अहवाल आला. मुखपृष्ठावर अख्ख्या पानभर सुंदराबाई होती. मांडीवर रडणारी विमल, आणि काचेतून थेट बघणारे ते डोळे. खाली एक ओळ इंग्रजीत छापली होती. मिसबाईंनी ती वाचली आणि अहवाल टेबलावर पालथा ठेवला.

"मी नाव पाठवलं होतं," त्या नलूला म्हणाल्या. "दोन्ही नावं. नातं पाठवलं होतं. तिकडच्या लोकांनी बदललं. नाव घातलं की लोकांना एकच बाई दिसते, म्हणे." मग त्यांनी सोबतचं पत्र नलूच्या हातात दिलं. "आणि हे. हे मला मराठीत सांगता येणार नाही. माझं मराठी तिथवर जात नाही."

नलूनं पत्र वाचलं. तेवढ्यात सुंदराबाई दारात आली. विमल दुधाच्या रांगेत उभी होती. टेबलावर पालथा पडलेला कागद सुंदराबाईनं सुलटा केला आणि आपलंच तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

पाच महिन्यांनी ती नलूशी आपणहून बोलली. "खाली काय लिवलंय?"

नलूच्या ओठांवर पहिल्यांदा आलं ते जुन्या सवयीनंच आलं. "डिलाईल रोडच्या सुंदराबाई कोंडीराम आणि त्यांची नात विमल, असं लिहिलंय, मावशी."

सुंदराबाईनं त्या ओळीखालून बोट फिरवलं. चाळीतल्या मंडळाच्या वर्गात ती अलीकडे अक्षरं गिरवत होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण शब्द कुठं सुटतो आणि कुठं लागतो ते कळत होतं.

"माझं नाव, ह्यांचं नाव, विमलचं नाव, रस्त्याचं नाव," ती म्हणाली. "आन् शबुद तीनच?"

नलूनं खाली पाहिलं. मग तिनं सांगितलं. "लिहिलंय, एक अस्पृश्य आई."

"एक अस्पृश्य आई," सुंदराबाई म्हणाली. "अस्पृश्य मी न्हाई. ते डिसेंबरात संपलं. आई बी न्हाई, तिची आई मेली. मग ही बाई कोन?"

नलूनं हे मिसबाईंना सांगितलं, होतं तसं, एकही शब्द न बदलता. मिसबाईंनी मान खाली घातली. मग नलूनं हातातल्या पत्राची घडी केली आणि सुंदराबाईचा हात धरला.

"मावशी, आत चल. औषधाच्या खोलीत. आणखी एक आहे, ते तुला आत्ताच सांगते, कुणी नसताना."

तिनं दार लावून घेतलं. कपाटातल्या बाटल्यांचा वास येत होता. बाहेर पोरांच्या पेल्यांचा खडखडाट चालला होता.

"तुझा फोटो तिकडे सगळ्यांना फार भिडला. देणग्या पुष्कळ आल्या. म्हणून कमिटीनं लिहिलंय की पुढच्या जानेवारीत पुन्हा हवा. तुझाच आणि विमलचाच. तसाच. तरच पुढचं वर्ष." तिनं स्टूल पुढे ओढलं. "सहा महिने आहेत, मावशी. तू हो म्हण, नाही म्हण. मी जाऊन तेच सांगेन."

सुंदराबाई स्टुलावर बसली. रडली नाही. भिंतीपलीकडे विमल दुधासाठी आपला पेला आपटत होती, त्या आवाजाकडे तिचा कान होता.

"त्याच लुगड्यात?" तिनं विचारलं.

"हो, त्याच."

"त्याचं मी कवाच पोतेरं केलं. फरशी पुसायला घेतलं."

नलूनं हातातल्या पत्राची घडी आणखी लहान केली.

"मग आता चांगलं लुगडं फाडून दंड घालावा लागंल," सुंदराबाई म्हणाली, आणि विमलचा पेला विसळायला नळाकडे गेली.